जागा पाहून आलेला बाप

धावड्याचा धुळाजी पन्नाशीला टेकला तेव्हाच त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यात नवल काही नव्हतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, वऱ्हाडात लोकांच्या वावरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात दाणे घ्यायचे, आणि मिरगाच्या आत परत गावाकडं वळायचं. वयाची चाळिशी उलटेपर्यंत त्यानं हेच केलं. मग बायकोच्या, गोपिकाबाईच्या, सांगण्यावरून त्यानं कळप कमी केला, गावाबाहेरची माळजमीन मोडून ज्वारी पेरली आणि शेतकरी झाला. पण इतकी वर्षं चाललेले पाय एका जागी बसले म्हणून विसावले नाहीत. उलट सगळा शीण आता कुठं वर यायला लागला होता.

धुळाजीला अक्षर येत नव्हतं. पण एक गोष्ट त्याला कळायची, आणि ती आसपासच्या पाच-सात गावांना ठाऊक होती. कळप कुठल्या जागेवर बसेल आणि कुठं नाही, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. पाणी आहे, चारा आहे, सावली आहे, तरी तो मान हलवायचा आणि पुढं चालायला लागायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "खातील, पण रवंथ करायच्या न्हाईत इथं." आणि तसंच व्हायचं.

त्याला दोन लेकरं. थोरला म्हस्कू, धाकटी इंद्रायणी. म्हस्कू लहानपणापासून शांत. त्या काळी आमच्या भागात पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी पिऊन लोकांना नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा आणि तो ओढताना तुटला की माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. म्हस्कू दहा वर्षांचा असताना शेजारपाजारचे लोक त्याच्याकडं पाय घेऊन यायचे. बारीक काडीला किडा गुंडाळत रोज बोटभर, तेवढाच, न तुटू देता काढायचं काम त्याच्याइतकं धीरानं कुणाला जमत नव्हतं. भोकरदनच्या शाळेचे बद्रीनाथ मास्तर एकदा पायात नारू घेऊनच धावड्याला आले होते. आठवडाभर त्यांनी या पोराचे हात पाहिले आणि बरे होऊन जाताना त्याला शाळेत घेऊन गेले. तिथून म्हस्कू औरंगाबादेला गेला, वसतिगृहात राहिला, उर्दूतून शिकला, इंग्रजी शिकला आणि इंटर पास झाला. धनगराचं पोर इंटर पास झालं ही गोष्ट तालुक्यात पहिलीच.

ते साल फसली १३४१, म्हणजे इंग्रजी १९३२. उन्हाळा सरत आला असताना बद्रीनाथ मास्तर स्वतः घोड्यावर बसून धावड्याला आले. त्यांच्या हातात दोन पत्रं होती.

"धुळाजी, दोन्हीकडून होकार आला," ते ओट्यावर बसता बसता म्हणाले. "हैदराबादहून पण आणि नागपूरहून पण."

मास्तरांनी समजावून सांगितलं. हैदराबादचं कॉलेज मोठं, नावाजलेलं. पाच वर्षं शिकायचं, मग पदवी. पदवीवाल्याला आपल्या हैदराबाद राज्यात सरकारी दवाखाना मिळतो, पुढं मोठा साहेब होता येतं. नागपूरची ती नुसती डॉक्टरीची शाळा. चार वर्षं, शेवटी पदवी नाही, परवाना. "लोक त्याला अर्धा डॉक्टर म्हणतात," मास्तर म्हणाले. "मी नागपूरला अर्ज केला तो आपला हाताशी असावा म्हणून. आता विचार करायचं कारणच नाही." खर्चाची सोय मास्तरांनी आणि औरंगाबादच्या वसतिगृहवाल्यांनी मिळून केली होती, त्यामुळं ती काळजी नव्हती.

गावचे पाटील काकासाहेब बातमी ऐकून आले होते. ते म्हणाले, "हैदराबादच. बिलकुल. गावाचं नाव होईल."

म्हस्कू भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही.

धुळाजीनं विचारलं, "मास्तर, पोरगं राह्यल कुठं?"

"वसतिगृहात. पक्की इमारत आहे."

"आन कोणासंग?"

मास्तरांना प्रश्न नीट कळला नाही. "मुलांबरोबर. शंभर मुलं असतील तिथं."

धुळाजीनं मास्तरांच्या हातातल्या पत्रांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी दोनीबी जागा पाहून येतो."

काकासाहेब हसले. "अरे, तू काय पाहणार? कॉलेज म्हणजे काय मेंढरं बसवायचं वावर आहे?"

गोपिकाबाईलासुद्धा नवऱ्याचं हे बोलणं पटलं नाही. लोक गेल्यावर ती म्हणाली, "गुडघे धरून उठता तुमी. आन हैदराबाद पाहून येतो म्हन्ता."

"म्हस्कू संग राह्यल. पाह्यल्याबिगर जीव ठरायचा न्हाई माझा."

बैलगाडीनं दोन दिवसांत बापलेक जालन्याला आले. तिथून छोट्या लाइनीची गाडी. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार डब्यातल्या फळीवर काढून ते हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरले, तेव्हा धुळाजीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. म्हस्कू उर्दूत वाट विचारत पुढं, धुळाजी खांद्यावर घोंगडी टाकून मागं.

मुसी नदीच्या काठावरचं कॉलेजचं इस्पितळ पाहिलं आणि धुळाजीनं आपोआप हात जोडले. घुमट, कमानी, लांबच लांब व्हरांडे. पांढऱ्या कपड्यांतले डॉक्टर भराभर जात-येत होते आणि त्यांच्या मागं दहा-दहा माणसं चालत होती. एवढी मोठी माणसं आपल्या पोराला शिकवणार या विचारानं त्याचा ऊर भरून आला. कॉलेजातल्या एका कारकुनानं म्हस्कूचं पत्र पाहिलं, अदबीनं बोलला, वसतिगृहाची जागासुद्धा दाखवली. खोली स्वच्छ होती. पलंग, टेबल, खिडकी.

म्हस्कू आत कागद भरत बसला तेवढ्यात धुळाजी वसतिगृहाच्या फाटकापाशी लिंबाखाली टेकला. जेवणाची वेळ होती. मुलं जेवायला जात होती, जेवून बाहेर येत होती. अन्न चांगलं असावं, वास छान सुटला होता. पण जेवून आलेलं एकही पोरगं कुठं टेकत नव्हतं. हातात पुस्तक, नजर खाली, सरळ आपापल्या खोलीत. दोघं-तिघं बरोबर चालत होते ते चांगल्या घरचे, आधीपासून ओळखीचे असावेत. त्यांच्या शेरवान्या, त्यांची बोलायची ढब. धुळाजीनं त्यांच्यात आपल्या म्हस्कूला उभं करून पाहिलं. तो उभा राहिना.

फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला त्यानं आपल्या तोडक्यामोडक्या बोलीत विचारलं, "चाचा, इधर पोरं हसते क्या?"

चौकीदारानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "हसने कू टैम कां है बावा? पढने कू आते, पढके जाते."

परतीच्या गाडीत धुळाजीनं लेकाला विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं आहे," म्हस्कू म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी आल्यावर चार दिवस धुळाजीनं पायांना तेल चोळलं आणि पुन्हा निघाला. नागपूरची वाट वेगळी. धाड, बुलढाणा, मग घाट उतरून मलकापूर आणि तिथून आगगाडी. मलकापूरपर्यंतचा रस्ता त्याच्या पायाखालचा. कुठल्या वळणावर पाणी आहे, कुठल्या गावचा पाटील मेंढरं पाहून काठी घेऊन धावायचा, हे सांगत तो चालला होता आणि म्हस्कू ऐकत होता.

नागपूरची शाळा पाहून मात्र धुळाजी मनातून खट्टू झाला. हैदराबादसमोर ती काहीच नव्हती. मुलांना राहायला पुरेशा खोल्याही नव्हत्या, बरीचशी मुलं गल्लीबोळांत भाड्यानं राहायची आणि झुंबरबाई नावाच्या एका विधवेच्या खानावळीत जेवायची. बापलेक तिथंच जेवायला गेले. पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसली होती. कुणी शिक्षकाची नक्कल करत होता, कुणी वरणावरून भांडत होता. म्हस्कू कोपऱ्यात अंग चोरून बसला.

झुंबरबाई वाढता वाढता थांबली. "काहून लाजते रे पोट्ट्या? अर्ध्या भाकरीत होते काय तुयं?" आणि तिनं विचारल्याशिवाय त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

शेजारचा पोरगा म्हणाला, "ही बाई बेशुद्ध पडेपर्यंत वाढते, मग शुद्धीवर आणायला आम्ही शिकतो." सगळे हसले. म्हस्कूही हसला. जेवण झाल्यावर ती पोरं अंगणात भिंतीला पाठ लावून तासभर बसली, सुपारी कातरत, हाडांची इंग्रजी नावं एकमेकांना विचारत. म्हस्कू त्यांच्यात बसला होता आणि एका नावावरून वाद घालत होता. धुळाजी दाराशी बसून पाहत होता. गेल्या दोन महिन्यांत घरात त्यानं लेकाचा आवाज एवढा ऐकला नव्हता.

त्याला जे कळायचं होतं ते कळलं.

घरी परतल्यावर मास्तर आले, काकासाहेब आले, ओटा भरला. नागपूरचं नाव निघालं तसे काकासाहेब उसळले. "सोनं सोडून पितळ घ्यायचं? उद्या तिकडं हैदराबादेत शिकलेला डॉक्टर खुर्चीवर बसेल आणि तुझा पोरगा त्याच्यासमोर उभा राहील. चालेल?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "धुळाजी, माझ्या अख्ख्या नोकरीत असा विद्यार्थी एकच मिळाला. त्यानं कमी जागी जाऊ नये, एवढंच मला वाटतं."

मास्तरांचं हे बोलणं धुळाजीच्या वर्मी लागलं. या माणसानं पोराला घडवलं. आणि आपण कोण? कागद उलटा धरला तरी न कळणारे. आपण पाहिलं ते काय, तर पोरं जेवून कुठं बसतात ते. हे कुणाला सांगायचं? आणि सांगितलं, ते पोरानं ऐकलं, आणि जन्मभर अर्धा डॉक्टर म्हणून राहिला, तर तो दोष कुणाचा?

म्हस्कूनं सगळ्यांसमोर विचारलं, "बा, तुमाला काय वाटतं?"

धुळाजी म्हणाला, "तुमी शिकलेले लोक. तुमीच ठरवा."

म्हस्कूनं मान खाली घातली. "मंग हैदराबाद," तो म्हणाला.

पहिल्या वर्षी दर महिन्याला पत्र यायचं. पाटलांचा कारकून पुंजाराम ते वाचून दाखवायचा. "मी खुशाल आहे. अभ्यास चालू आहे. काळजी नसावी." दुसऱ्या महिन्याला तेच, तिसऱ्याला तेच. पुंजाराम एकदा थट्टेनं म्हणाला, "मागचंच पत्र वाचलं तरी चालंल." गोपिकाबाई हसली. धुळाजी हसला नाही.

त्या वर्षी म्हस्कू पास झाला. दुसऱ्या वर्षी एका विषयात राहिला. दिवाळीला घरी आला तो गालफडं बसलेला. पाच दिवस राहिला आणि पाचही दिवस झोपला. आई हाक मारायची तेव्हा उठून जेवायचा, पुन्हा आडवा व्हायचा. इंद्रायणी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती बापाला म्हणाली, "बा, दादा झोपत न्हाई. डोळे मिटून पडतो नुसता."

"कसं काय कळलं तुला?"

"मी हळूच हाक मारली की पापणी हालती त्याची."

जायच्या दिवशी म्हस्कूनं पेटी उचलली, दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला. बापाकडं पाहिलं. धुळाजीच्या ओठांवर आलं होतं, नको जाऊस. पण दोन वर्षं झाली होती, गाव पाहत होतं, मास्तर भोकरदनच्या नाक्यावर वाट पाहत असणार होते. तो म्हणाला, "सांभाळून जा."

त्यानंतर पत्र आलंच नाही. माघ महिन्यात, ज्वारी काढणीला आलेली असताना, धुळाजी वावर गोपिकाबाईवर सोडून एकटाच हैदराबादला गेला. या वेळी वाट विचारायला पुढं कुणी नव्हतं. काचीगुड्यापासून नदीपर्यंत तो चुकत, विचारत, बसत, उठत गेला. वसतिगृहात म्हस्कू नव्हता. शेजारच्या खोलीतला एक भला मुलगा म्हणाला की म्हस्कू रोज सकाळी आवरून बाहेर पडतो, पण वर्गात दिसत नाही. दिवाळीपासून असंच. आजारी आहे का विचारलं तर नाही म्हणतो.

मुलानं बोट दाखवलं तिकडं धुळाजी नदीच्या काठाकाठानं गेला. पुलाच्या पलीकडं उतारावर धोब्यांचे कपडे वाळत होते आणि कुणाच्या तरी दहा-बारा शेळ्या चरत होत्या. तिथं एका दगडावर म्हस्कू बसला होता. स्वच्छ कपडे, मांडीवर बंद पुस्तक. बापाला पाहून तो दचकला नाही. जरा सरकला आणि जागा करून दिली, इतकंच.

धुळाजी बसला. बराच वेळ दोघं शेळ्यांकडं पाहत राहिले.

"कवापासून येऊन राह्यला इथं?"

"दिवाळीहून आल्तो तवापासून."

"कोणी काही बोललं का? मारहाण, अपमान?"

"न्हाई बा. सगळे बराबर वागतात. शिकवतातबी चांगलं." म्हस्कूचा आवाज सपाट होता. "मलाच होत न्हाई. सकाळी उठलो की छातीवर धोंडा. वर्गाच्या दारापर्यंत जातो आन पाय आत जात न्हाई. दिवसचे दिवस कोणाशी बोलत न्हाई मी. कोणी बोलू नको म्हन्लं असं न्हाई, पण बोलायचं काय आन कोणासंग?"

धुळाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग जे दोन वर्षं पोटात होतं ते त्यानं सांगितलं. लिंबाखाली बसून काय पाहिलं, चौकीदार काय म्हणाला, झुंबरबाईच्या अंगणात काय पाहिलं. "तिथं तू बसला व्हतास म्हस्कू. इथं तू बसणार न्हाईस, हे मला तवाच दिसलं व्हतं."

म्हस्कू त्याच्याकडं वळला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं, आणि तो राग होता.

"दिसलं व्हतं? मंग तवा का न्हाई बोलले? मी इचारलं व्हतं बा. सगळ्यांसमोर इचारलं व्हतं तुमाला."

"मी अडाणी माणूस. माझ्या बोलण्यानं तुझं वाटोळं झालं असतं तर?"

"आता काय झालं मंग?"

धुळाजीनं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतलं आणि तसंच मांडीवर ठेवून दिलं. म्हस्कू रडला नाही. त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसला.

"मी थकलो बा," तो शेवटी म्हणाला.

"चल मंग घरी."

कॉलेजातून नाव काढायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. मुलगा हुशार आहे, वर्षभर विश्रांती घेऊन परत आला तरी आम्ही घेऊ, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. म्हस्कूनं त्यांना वाकून सलाम केला. धुळाजीला त्या भल्या माणसाच्या तोंडाकडं बघवेना.

गावात काय झालं असेल ते सांगायला नको. काकासाहेब समोरून गेले तरी बोलायचे नाहीत. डॉक्टर व्हायला गेला आणि मेंढरं राखायला आला, असं लोक त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे. तेही खरंच होतं. म्हस्कू सकाळी घरची तीस-चाळीस मेंढरं घेऊन माळावर जायचा आणि दिवस मावळता परत यायचा. बद्रीनाथ मास्तर एकदा आले, सगळं ऐकून घेतलं आणि धुळाजीला एवढंच म्हणाले, "मला विचारायला हवं होतं तुम्ही." त्यांना काय म्हणायचं होतं ते धुळाजीला उमगलं नाही, आणि पुन्हा विचारायची संधीही मिळाली नाही. मास्तरांची बदली अंबडला झाली. जाताना ते धावड्याला आले नाहीत. ते दुःख धुळाजीला शेवटपर्यंत राहिलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी म्हस्कू जेवताना म्हणाला, "मी नागपूरला अर्ज केला व्हता. घेतो म्हन्ले. पहिल्यापासून सुरू करावं लागल."

"दोन वर्षं वाया?" गोपिकाबाई म्हणाली.

"व्हय."

सगळे धुळाजीकडं पाहायला लागले. तो म्हणाला, "जा तू. मला तिथलं बरं वाटलं व्हतं." एवढं बोलायला त्याला घाम फुटला.

तो लेकाला पोहोचवायला गेला. झुंबरबाईची खानावळ बंद झाली होती. बाई आजारी पडून भावाकडं निघून गेली होती. त्या वेळची पोरं शिकून पांगली होती. अंगणात आता कुणाची तरी कोळशाची वखार होती. धुळाजी त्या दारासमोर उभा राहिला. आपण माणसं पाहिली आणि जागा समजलो, असं त्याला वाटलं. लेकाला पुन्हा एका गावात एकटं सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं.

म्हस्कूच म्हणाला, "जाऊ द्या बा. पाहू."

महिन्याभरात पत्र आलं. या वेळी ते दोन पानी होतं आणि तक्रारींनी भरलेलं होतं. बुलढाण्याकडच्या दोघांबरोबर खोली घेतली आहे. पाळीपाळीनं स्वयंपाक करतो. त्यातल्या एकाला भाजी जाळायची सवय आहे. दुसरा घोरतो. घरमालकीण उषाबाई रोज पाण्यावरून भांडते, पण काल पुरणपोळ्या देऊन गेली. शरीररचनेचे मास्तर फार बडबडे आहेत. पुंजाराम वाचत होता आणि वैतागत होता, "हे काय डॉक्टरीचं पत्र हाय?" धुळाजीनं त्याला ते पुन्हा वाचायला लावलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मधल्या काळात एकदा म्हस्कू पुन्हा गप्प झाला, परीक्षेला बसला नाही, आणि त्या खोलीतल्या दोघांपैकी घोरणाऱ्यानं त्याला घरी आणून सोडलं. पंधरा दिवसांनी तोच येऊन त्याला परत घेऊन गेला. चार वर्षांच्या जागी पाच लागली. परवाना हातात आला तेव्हा म्हस्कूला तिशी जवळ आली होती आणि कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

त्यानं भोकरदनच्या बाजारपेठेत दोन खोल्या घेऊन दवाखाना काढला. लोक यायचे, कारण त्याच्याशी त्यांना त्यांच्या बोलीत बोलता यायचं आणि तो कुणावर खेकसायचा नाही. अवघड रोगी असला की तो चिठ्ठी लिहून जालन्याला पाठवायचा. तिथल्या पदवीवाल्यांपैकी एक-दोघं त्या चिठ्ठीला किंमत द्यायचे, बाकीचे द्यायचे नाहीत. काकासाहेबांच्या नातवाला ताप आला तेव्हा त्यांनी म्हस्कूच्या दारावरून गाडी जालन्याला नेली. हैदराबादेत त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा तो भला मुलगा परभणीला मोठा डॉक्टर झाला होता. दौऱ्यावर असताना एकदा तो मुद्दाम मोटार थांबवून म्हस्कूला भेटून गेला. छान बोलला. तो गेल्यावर म्हस्कूनं बाटल्या पुसायला घेतल्या आणि बराच वेळ पुसत राहिला.

धुळाजी तिथंच बसला होता. त्यानं विचारलं, "वाटतं का रं कधी?"

"वाटतं ना. न वाटायला काय झालं?" म्हस्कू म्हणाला. "पण तिथं राह्यलो असतो तर मी उरलोच नसतो बा. हेबी तेवढंच खरं."

असं तो एकदाच बोलला.

पुढच्या वर्षी पाऊस फार झाला आणि भादव्यापासून हिवतापानं सगळा तालुका झोपवला. गावागावांतून गाड्या भरून माणसं यायला लागली. तापावरचं कोयनेल संपायचं, जालन्याहून यायचं, पुन्हा संपायचं. म्हस्कू पहाटेपासून दवाखान्यात बसायचा, दुपारनंतर घोड्यावरून खेड्यापाड्यांत जायचा. धुळाजीला स्वतःला एक दिवसाआड हुडहुडी भरत होती, पण बाजारच्या दिवशी तो गाडीत बसून भोकरदनला आला. गोपिकाबाईनं भाकरी-पिठलं बांधून दिलं होतं.

दवाखान्यासमोर घोंगड्या पांघरलेली पन्नास-साठ माणसं बसली होती. दार लोटलेलं. धुळाजीनं ते हळूच ढकलून आत डोकावलं. म्हस्कू टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. तपासायची नळी गळ्यातच, एक हात खाली लोंबत होता, तोंड जरा उघडं. या वेळी तो खरोखर झोपला होता.

धुळाजीनं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसला.

"डॉक्टर हायेत का?" एका बाईनं विचारलं. तिच्या मांडीवर चारेक वर्षांची पोरगी तापानं फणफणत होती.

"हायेत. जरासं थांबा माय."

माणसं थांबली. कुणी कण्हत होतं, कुणी पाणी मागत होतं. ऊन वर आलं. धुळाजीनं आपली घोंगडी उतरवून त्या पोरीच्या अंगावर टाकली, तेव्हा त्याच्या बोटांना तिचं कपाळ लागलं. त्यानं हात तसाच ठेवला. मग त्यानं उंबऱ्याला धरून गुडघे सरळ केले, उठला, आत गेला आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हस्कू," तो हळूच म्हणाला. "ऊठ बापा. लई लोक आले."